आबांचं गप्प बसणं

३ नोव्हें.
आज परत आबांवर ओरडलो. कारण काय, तर भाकरीचं ताट न खाता बाजूला सारलं. "खायचं नसल तर आधीच सांगत जा ना!" आवाज इतका चढला की बायको, रेखा, कणकीच्या हातानं बाहेर आली. बापाला बोललो मी. आबा मात्र भिंतीकडं बघत बसले. त्यांना गावाहून इथं पडेगावला आणून सात महिने झाले. त्यांचे गुडघे गेले होते, म्हणून त्यांची मेंढरं मीच विकायला लावली. दुसरं काय करणार होतो?

५ नोव्हें.
वाळूजला कंपनीच्या दवाखान्यात बी.पी. जास्तच निघालं. डॉक्टर मॅडमना घरी ओरडतो ते सांगितलं. म्हणाल्या, "राग आला की आधी अंगात कुठं जाणवतो ते बघा. लिहून ठेवा." हसू आलं. तरी लिहितोय.

६ नोव्हें. पहिली शिफ्ट
बघितलं. आबांनी चहा अर्धाच घेतला, अन् राग आला. पण छातीत नाय, डोक्यात नाय. गळ्यात! लहानपणी रडू दाबायचो तेव्हा हुबेहूब असंच व्हायचं. राग गळ्यात कसा काय येईल?

८ नोव्हें. पहिली शिफ्ट
आज सुपरवायझर सगळ्यांसमोर बोलला. तेव्हा हात शिवशिवले, कान तापले. गळा एकदम मोकळा. म्हणजे तो राग वेगळा अन् घरातला वेगळा. इतके दिवस दोन्हींना एकच नाव. मग घरातलं हे काय? भीती? आबा असंच न खाता एक दिवस...
पुढं लिहवत नाय.

९ नोव्हें. सुट्टी
रेखाला सांगितलं. म्हणाली, "मेंढरं गाडीत चढवली त्या दिवशी तुम्ही पाणीसुद्धा न पिता पडून राहिले होते. मला तवाच कळलं, तुम्हाला आतून लागलंय." तिला कळलं, मला नाही. गंमतच.
दुपारी आबांजवळ जाऊन बसलो. "आबा, माझा राग येतो का?"
आबांनी कानावरून हात फिरवला. मग, "राग नाय बा. कान रिकामे वाटत्यात. पहाटं जाग येती अन् ऐकायला काहीच नसतं."
मला वाटायचं रुसलेत. माणूस नुसता मेंढरांच्या आवाजाला कान देऊन बसला होता.
"मीच विकायला लावली," म्हणालो. रडू फुटलं. सात महिन्यांत पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं. "तुलाबी त्याचं वझं व्हतं व्हय?"

११ नोव्हें.
मॅडमना आबांचं सांगितलं. म्हणाल्या, इतके महिने जेवण तुटलंय, हे नुसतं म्हातारपण नसेल. शहरातल्या मनाच्या डॉक्टरांच्या नावानं चिठ्ठी दिली. आबांना सांगितलं तर, "मी काय येडा हाय?" म्हटलं, मी पण दाखवणार आहे तिथंच. त्यावर नाही म्हणाले नाहीत.

१४ नोव्हें. रजा टाकली
आबा सकाळीच आंघोळ करून तयार. धोतर धुतलेलं. फेटा बांधता बांधता थांबले.
"डॉक्टर काय विचारंल?"
"काय व्हतंय ते विचारंल."
"अन् मला सांगताच नाय आलं तर?"
"मलाबी पहिल्यांदा नव्हतं आलं, आबा."
मान हलवली. बांधलेला फेटा सोडला, परत पहिल्यापासून बांधायला घेतला. मी गाडी काढून दारात थांबलोय. घाई करत नाही.