फुलीवरचं बोट

३ नोव्हेंबर
पोचले एकदाची आर्णीला! आसिमची आई, जैबुनबी, मला घ्यायला स्टँडवर तासभर आधीच येऊन बसल्या होत्या. जशी काही मी मंत्रीच. पाच वर्षं आसिम इथून आणि मी नागपुरातून एकच फ्रेमवर्क लिहीत होतो: प्रोग्राम एकदा लिहायचा, त्याच्या विंडो आणि बटणं कुठल्याही ऑपरेटिंग सिस्टिमवर उमटतात. फेब्रुवारीत वणीच्या रस्त्यावर ट्रकनं त्याला उडवलं. टॅबलेटच्या एका नव्या सिस्टिमवर ते चढवायचं राहिलं होतं. ते मी त्याच्याच टेबलावर बसून पुरं करणार. माझा त्याच्यावर जीव होता. सांगायचं राहून गेलं.

७ नोव्हेंबर
पहिली विंडो उघडली! प्रोग्राम असे नव्या सिस्टिमवर चढवणाऱ्या आम्हा पोर्टिंगवाल्यांची खोड म्हणजे लगेच न लागणारी फंक्शनं रिकामी सोडायची, 'नंतर भरू' म्हणत. विंडो बंद करायचं फंक्शन मीही तसंच सोडलंय. कोपऱ्यातली फुली कितीही दाबा, विंडो ढिम्म. जैबुनबी तरी कौतुकानं बघत बसल्या.

१० नोव्हेंबर
आम्ही दोघी स्वयंपाकघरात होतो. टॅबलेटला कुणी हात लावला नव्हता. तरी प्रोग्राम आपसूक लिहितो त्या लॉगमध्ये स्पर्शांच्या नोंदी. फुलीवर. दोनदा, थांबून पुन्हा दोनदा. टॅबलेट बदलला, तरी तेच. आसिम दारावरची बेलसुद्धा दोनदाच दाबायचा, जैबुनबी म्हणाल्या.

१२ नोव्हेंबर
विंडोत लिहायला जागा करून दिली. अक्षरं आपोआप उमटली, माझ्याच नावानं: प्रेरणा, बाहेर पडता येत नाही. दुखतंय.
माझ्या रिकाम्या फंक्शननं त्याला कोंडलंय. ते भरणं म्हणजे चार ओळींचं काम. पण जैबुनबींनी माझा हात धरला. "आजच्या दिस राहू दे वं, पोरी. माह्यं लेकरू घरी आलं."
मी राहू दिलं. खरं सांगते, मलाही तो हवा होता.

१४ नोव्हेंबर
तो एकच शब्द लिहितोय. सोड. सोड. आम्ही दोघी त्याला जेवलास का विचारतो. लाज वाटते. तरी सोडू उद्या.

१५ नोव्हेंबर
सकाळी जैबुनबी टेबलावर डोकं टेकून, हात काचेवर. हात गार—
लॉगमध्ये आता दोन बोटं.
अम्मी आत आली, प्रेरणा. आता तरी सोड.
चार ओळी लिहिल्या. चालवलं. विंडो मिटली.

तेव्हापासून काही नाही. लॉग कोरा. हाका मारल्या—
दोघंही गेली. चांगलंच झालं. चांगलंच—

चार ओळी पुसल्या. विंडो पुन्हा उघडली. लॉगमध्ये फुलीवर स्पर्श, दोनदा.
रागावू नकोस रे. फक्त आज. मला तुला एवढंच सांगू दे की मी—