काळ्या मातीचं ढेकूळ

बाबा, आज माझ्या विद्यार्थिनींनी घुबडाचे गोळे आणले आणि तुमची फार आठवण आली. घुबड उंदीर अख्खा गिळतं आणि न पचलेले केस न् हाडं गोळा करून ओकून टाकतं, तेच गोळे. बी.एस्सी.ला असताना सुट्टीत मी ते आपल्या कडुलिंबाखालून वेचून आणायचे आणि स्वयंपाकघरातल्या पोचे पडलेल्या ताटलीत कोमट पाण्यात भिजत घालायचे. आईने ती ताटली पुन्हा चुलीजवळ येऊ दिली नाही. तुम्ही मात्र खुर्ची ओढून बसायचात. मी सुईने केस सोडवते आहे, नारिंगी दातांची कवटी वर येते आहे, आणि तुम्ही विचारता, "काऊन वं माय, माह्यं ढेकूळ भेटलं का त्याच्यात?"

त्या उन्हाळ्यात तुम्ही घुबडाला ढेकूळ मारलं होतं. गावात सगळेच मानायचे की घुबड ते उचलून नदीवर नेतं, पाण्यात भिजवतं, आणि ढेकूळ विरघळत जाईल तसा मारणारा झिजत जातो. वर्गात 'भूत नसतं' शिकवणारे मास्तर तुम्ही, पण त्या संध्याकाळी कंदील घेऊन अंगणभर ढेकूळ शोधत होतात. मी पोट धरधरून हसले. पुढे तुमचा सदरा खांद्यावरून घसरायला लागला, तुम्ही सारखं पाणी प्यायला लागलात, आणि माझं हसू पळालं. आदिलाबादच्या दवाखान्यात चला म्हटलं की तुमचं एकच, "ढेकूळ तिकडं इरघळून राह्यलं, डॉक्टर काय करंल?" मी गोळ्यांतली हाडं तुमच्यापुढे मांडली. उंदीर, चिचुंद्री, पुन्हा उंदीर. आपल्या ज्वारीवरचे उंदीर खातं ते, माणसाला नाही, असं चिडून सांगितलं. "उंदरायचं खरं हाय," तुम्ही म्हणालात, पण जागचे हलला नाहीत. तुम्ही डोळ्यांदेखत हातचे जाणार, या भीतीने मला जेवण जाईना.

मग एका सकाळी मी वावरातून ढेकूळ आणलं, त्याला गोळ्यातले केस चिकटवले आणि कडुलिंबाखाली सापडलं म्हणून तुमच्या हातात दिलं. तुम्ही ते उलटंपालटं करून पाहिलंत. "हे काळीतलं हाय. म्या मारलं ते पांढरीतलं होतं, मागच्या भिताडाचं. इतकी शिकली अन् मातीत चुकली." मला तोंड वर करवेना. तुम्ही ते रुमालात गुंडाळून कोनाड्यात ठेवलंत आणि आईला म्हणालात, "उद्याच्या गाडीनं जातो दवाखान्यात. पोरगी माती उकरून राह्यली माह्यासाठी." डॉक्टरांनी साखरेचा आजार सांगितला, औषध लागू पडलं, आणि तुम्ही नातवंडं खेळवून मग गेलात.

ढेकळाची गोष्ट निव्वळ समजूत आहे, असं मी मुलींना दर वर्षी सांगते. आजही सांगितलं. हे पत्र तुम्हाला कुठे पाठवू? ते काळं ढेकूळ माझ्याकडे एका डब्यात आहे, त्यातच ठेवीन. ते तुमचं नव्हतंच, आणि आता तर तुम्हीही नाही. तरी पावसाळा आला की मी झाकण दाबून पाहते, आत ओल तर शिरली नाही ना.