पूजेतला पंप

राजाजीनगर,
खंडेनवमी, सकाळ

प्रिय अण्णा,

हे पत्र मी उगादीच्या पाडव्यापासून लिहितोय. उगादीला कागद आणला, तर गोजराआत्या त्यात शेंगा बांधून घेऊन गेली. दुसरा आणला, तेव्हा दौत सापडेना. खरं सांगू? मीच निमित्तं शोधत होतो. तुला जे कळायला हवं ते अप्पांच्या हातून कळावं, माझ्या नव्हे, असं वाटायचं. त्यांची वाट बघता बघता वर्ष गेलं. आता कृष्णमूर्ती मेस्त्रींचा जावई कोइमतूरला तुला भेटून आला. तू तिथल्या फाउंड्रीत आहेस, दाढी वाढवलीयस, आणि घरचं विचारलं की मान खाली घालून वाळू चाळत बसतोस, म्हणाला. पत्ताही दिला. म्हणून आज बसलोच.

आणि बसलोय कुठे, तर तुझ्याच जागी. मेस्त्रींनी मला त्यांच्या फाउंड्रीत ठेवून घेतलंय. होय, मला! अरसीकेरेला जाणाऱ्या लॉरीवर न सांगता चढणारा, म्हैसूरला तंबूच्या सिनेमात तिकिटं फाडणारा तुझा भाऊ आता एका जागी बसून काम करतो. मेस्त्री म्हणतात, "विठोजी, तुझ्या पायाला चाकं होती, देवाने एक काढून घेतलं." बाहेर पेरूवाली ओरडतेय. तिचे पेरू आतून लाल असतात, तुला आवडायचे. असो. चाकाचं सांगत होतो.

तुला आठवतं, तू पहिल्यांदा ट्यूबशिवाय टायर चालवायचं बोललास तेव्हा अप्पा काय म्हणाले? परदेशी पाहुण्याची मोटार फाउंड्रीत आली होती, तिच्या टायरात ट्यूबच नव्हती, हे तू रात्रीच्या जेवणात सांगत होतास. अप्पांनी घास खाली ठेवला. "ट्यूब नाही म्हणजे पंक्चर नाही. पंक्चर नाही म्हणजे सायकलच्या दुकानावर जगणाऱ्या या भगवंतरावाने काय संन्यास घ्यायचा?" आई हसून हसून उठून गेली. तू मात्र हसला नाहीस. लष्कराच्या लिलावातली आपली मोटारसायकल तारांच्या चाकांची. जितक्या तारा तितकी भोकं, हवा टिकणार कशी? म्हणून तू मागचं अख्खं चाकच ओतायचं ठरवलंस. भंगारातलं ॲल्युमिनियम कमी पडलं, तेव्हा आईचं जर्मनचं मोठं पातेलंही भट्टीत गेलं. आई अजून त्या पातेल्याचं नाव काढते, पण रागाने नाही.

चाक छान झालं होतं अण्णा. फक्त धातू बारीक बारीक श्वास सोडायचा. तू आतून लाखेचा हात दिलास तरी सकाळपर्यंत हवा उतरायची, आणि रोज तू भरायचास. मला बजावलं होतंस की ट्यूब असली तर टायर थोडा मऊ चालतो, पण इथे हवाच टायरला चाकाच्या कडेला दाबून धरते. हवा गेली की पकड गेली. हे मी विसरलो नव्हतो. तेवढं तरी तुला ठाऊक असावं.

मागच्या खंडेनवमीला तू पहाटेच इथे फाउंड्रीच्या पूजेला आला होतास. गोजराआत्याचा उपास आपल्या नैवेद्यावर सुटतो, म्हणून अप्पांनी डबा माझ्या हातात दिला आणि मोटारसायकलने जा म्हणाले. मी मागचा टायर अंगठ्याने दाबला. मऊ. पंप मागायला अप्पांच्या दुकानात गेलो, तर पंप मधोमध पाटावर! हळदकुंकू लावलेला, गळ्यात झेंडूची माळ, नळीच्या तोंडात जास्वंद खोचलेली. अप्पा म्हणाले, "पूजेतली वस्तू उद्या हलवायची. आज हात नाही लावायचा." मी तुझं सगळं सांगितलं, हवेचं, पकडीचं. ते म्हणाले, "मऊ टायर बघत माझे केस पिकले. स्वल्प हळू जा, काही होत नाही." मी यशवंतपूरच्या बाजारात तीन दुकानं फिरलो. सगळ्यांचे पंप माळा घालून बसलेले. त्या दिवशी गावात देव भरपूर होते, हवा कुठेच नव्हती. तिकडे आत्या उपाशी.

रेल्वे फाटकाच्या वळणावर गाडी जरा कलंडली आणि टायर चाकावरून आत घसरला. पुरणपोळ्या रस्ताभर झाल्या, एवढं मला दिसलं.

पुढचं मी ऐकीव सांगतो. दवाखान्याच्या दारात सगळ्यांसमोर अप्पा तुला म्हणाले, "तुझ्या चाकाने माझ्या पोराचा पाय नेला." तू काही विचारलं नाहीस, की निघताना टायरात हवा भरली होती का? खाली बघून निघून गेलास. मी शुद्धीवर आलो तेव्हा तुझी आगगाडी कोइमतूरच्या वाटेला लागली होती. मी अप्पांना म्हटलं, "अप्पा, पंप." तेवढंच. ते व्हरांड्यात जाऊन उभे राहिले. बऱ्याच वेळाने आले, मला संत्रं सोलून दिलं, एकेक फोड साफ करून. मग प्लास्टर निघेपर्यंत त्यांनी मला पाठीवरून न्हाणीघरात नेलं, आणलं. ज्याच्या पाठीला लटकायचं त्याच्याशी भांडायचं कसं, तूच सांग. भंगारवाला तुझं चाक न्यायला आला, तेव्हा त्यांनी त्याला हाकललं. चाक दुकानाच्या माळ्यावर आहे. मला वाटायचं, आज तुला लिहितील, उद्या लिहितील.

गुडघा आता वाकत नाही. चालतो मी, पण लॉरीवर चढणं संपलं. म्हणून तुझ्या चाकाचा विचार करायला वेळ मिळाला. त्याला उंबरा नव्हता, अण्णा. कडेच्या आतल्या बाजूला उंबऱ्यासारखी बारीक उंच पट्टी हवी, म्हणजे हवा उतरली तरी टायर एकदम आत यायचा नाही. मेस्त्रींनी आणि मी तुझाच लाकडी साचा घेऊन त्याला ती पट्टी चढवली आणि नवं चाक ओतलं. काल ते इथेच गाडीला बसवलं. मेस्त्री चाक बोटाने वाजवून तुझं नाव घेत म्हणाले, "सरी, बरोबर जमलं. फत्तेसिंगचा हात आहे यात."

पत्र एवढ्यासाठी, की या गाडीला किक मारण्याजोगा माझा पाय उरला नाही, आणि दुसऱ्या कुणाला मी ती देणार नाही. चाक तुझं आहे. दिवाळीला ये आणि फाटकाच्या वळणावरून एकदा नीट घेऊन जा. अप्पांबद्दल तुला काय लिहावं यावर मी मघापासून अडलो होतो. पण आता काही लिहायला नको, कारण दारात सायकल टेकल्याचा आवाज झाला म्हणून बघितलं, तर अप्पा. वर्षभरात या फाउंड्रीत पाऊल न टाकलेले अप्पा. दुकानातली पूजा मांडायची सोडून आलेत, पंप काखेत, त्याला हळदीचं बोटही लागलेलं नाही. माझ्याकडे न बघता तुझ्या चाकापाशी खाली बसलेत, आणि हवा भरतायत.

तुझाच,
विठोजी