गजाननभाऊंचं जुनं हेल्मेट

४ फेब्रुवारी
फायर स्टेशनला नवीन हेल्मेटं आली. पिवळी, चकचकीत. माझं अंबाड्यावर बसेना. मागची चकरी फिरवून ढिलं करावं म्हटलं, तर चकरीच नाही, नुसती प्लास्टिकची पट्टी. वजनालाही हलकं. साहेब म्हणाले, "नवीन टेक्नॉलॉजी आहे मॅडम."
सगळ्यांनी घालून फोटो काढले. गजाननभाऊंनी नाही. मला पाण्याचा होज धरायला शिकवलं ते त्यांनीच. माल तपासून घ्यायच्या समितीत आमच्या बाजूनं तेच होते, ताब्यात घेतल्याची सही त्यांची. आणि डोक्यावर मात्र जुनंच, धुरानं काळं पडलेलं.
"काहून भाऊ, नवीन नाई आवडलं?"
"याची सवय हाय व बाई."
एवढंच. मान वर न करता.

७ फेब्रु.
हेल्मेटाच्या आतला प्रमाणपत्राचा शिक्का नखानं खरवडला. निघून आला! स्टिकर. भाऊंच्या जुन्यात तो साच्यातच उमटलेला आहे. कोणाला बोलले नाही.

११ फेब्रु.
सुट्टी. बडनेऱ्याला घरी. हेल्मेट सोबत आणलं. ह्यांनी हातात घेऊन पाहिलं. "आमच्या रुळावरच्या गँगले देतात ना, तसंच दिसून राहिलं." ह्यांना सगळं रेल्वेसारखंच दिसतं, म्हणून सोडून दिलं. पण झोप नीट लागली नाही.

१५ फेब्रु.
अकोला. मामेबहिणीचा साखरपुडा. जेवणं झाल्यावर सटकले, सेफ्टीचं सामान विकतात त्या दुकानात. म्हाताऱ्या दुकानदारानं हेल्मेट उलटं केलं, टिचकी मारली. "हे बांधकामावरचं, ताई. वरून रंग मारला. वीट पडली तर वाचवीन. आगीत नोका नेऊ." कोणाचं, त्यानं विचारलं. म्हटलं भावाचं.
परतीच्या बसमध्ये एकच डोक्यात. भाऊंना माहीत आहे. माहीत असून सही केली.

१८ फेब्रु.
साहेबांना सांगितलं. त्यांचा पहिला प्रश्न: "अजून कोणाला बोललात?" दुसरा: "सरकारी वस्तू बाहेर नेली, कल्पना आहे ना?"
संध्याकाळी भाऊ समोरून गेले, बोलले नाहीत. साहेबांनी लगेच सांगितलं असणार. आता दोघं कुजबुजताना दिसले तरी मला वाटतं माझंच चाललंय.

२ मार्च
कापसाच्या जिनिंगला आग. माळ्यावरच्या खोलीत चौकीदार अडकलेला. आत मी आणि भाऊ.
दारातच त्यांनी माझं हेल्मेट काढलं, स्वतःचं माझ्या डोक्यावर ठेवलं.
"आन् तुमी?"
"घाल म्हनलं ना!"
माझं नवीन त्यांनी घातलं. त्यांच्या हातात होज, म्हणून हनुवटीखालचा पट्टा मी लावला. कट्ट वाजला. ऐकला.
चौकीदार जिवंत निघाला. जिना उतरताना भाऊंच्या तोंडापुढची काच मऊ पडली, गालाला चिकटली. डावा कान, गाल, मान. ओरडले नाहीत. चौकीदाराचे पाय सोडले नाहीत.

३ मार्च
भाऊ अमरावतीला दवाखान्यात. ते जळालेलं हेल्मेट काल मी स्वतः स्टोअरमध्ये ठेवलं होतं. आज नाही. साहेब म्हणतात चौकशीसाठी नेलं. कोणी? रजिस्टरमध्ये ओळ नाही.

६ मार्च
दवाखाना. भाऊंची बायको बाहेर पाणी आणायला गेली तेव्हा विचारलंच. "तुमाले माहीत होतं."
"नमुना मनून दाखवलं ते असली होतं. एकच. बाकीच्या पेट्या खोलल्या नाई मी. साहेब म्हने सही कर, उशीर होऊन राहिला."
"मग जुनं काहून सोडलं नाई?"
डोळे मिटले. मग माझं मनगट धरलं.
"वैशाली, चौकशीत लिहून दे. पट्टा लावला नव्हता मनून. मी बी तसंच लिहितो."
उशाशी फळांची मोठी टोपली, चकचकीत कागदातली. कोणी आणली? "घरच्यांनी." बायको तेवढ्यात आत आली होती. तिनं खाली पाहिलं.

९ मार्च
खरं लिहिलं तर आधी भाऊंची सही सापडते. ज्यानं माझं मरण स्वतःच्या डोक्यावर घेतलं, त्याला मीच... आणि खोटं लिहिलं तर चूक पट्ट्याची ठरते, हेल्मेटाची नाही, आणि बाकीची हेल्मेटं अजून खुंटीला आहेतच. आज सकाळी त्यातलीच घालून आमची पोरं कॉलवर गेली. साधा कचरा पेटला होता. ती येईपर्यंत मी गेटवर.
भाऊंना धमकावलं कोणी? की टोपली पाठवणाऱ्याशी भाऊंचंच साटंलोटं? दोन्ही पटतं. दोन्ही पटत नाही. ह्यांना विचारलं, म्हणाले, "तू पाह्यलं तेवढंच लिही."

११ मार्च
लिहिलं. पट्टा लावलेला होता, मीच लावला. अकोल्याच्या दुकानाचंही लिहिलं. चौकशीच्या ऑफिसात दिलं, पोच घेतल्याशिवाय उठले नाही. कारकून म्हणाला, "गजाननभाऊंचं कालच आलं." टेबलावर बंद पाकीट. माझं त्याच्यावर ठेवलं त्यानं.
बाहेर येऊन फोन लावला. भाऊंनीच उचलला.
"देल्लं का?"
"देल्लं."
"काय लिवलं?"
"तुमी काय लिवलं?"
मागून कोणा माणसाचा आवाज, ओळखीचा, साहेबांसारखा वाटला, "कोण आहे?"
भाऊ म्हणाले, "राँग नंबर."