जेवणाआधीचा शब्द

८ फेब्रुवारी, दुपार

प्रिय धाकट्या,

इकडे आम्ही दोघं बरे आहोत. तुझा खोकला गेला का? गॅरेज कसं चाललंय?

बाबा आता आंघोळीला त्रास देत नाहीत. न्हाणीघरात वाफ दाटली की त्यांना बहुतेक लॅटिनचा वर्ग भरल्यासारखा वाटतो. मी पाठ चोळते आणि ते डोळे मिटून शिकवत राहतात. पुरुष स्वच्छ असेल तर मुंडुस, बाई असेल तर मुंडा, भांडं असेल तर मुंडुम. "आपल्या 'स्वच्छ'ला सगळे सारखेच. ही भाषा बघा, कशी माणूस बघून बोलते!" फेसावर ऊन पडलेलं असतं, त्यांचा आवाज अगदी शाळेतला. मलाही पेंग येते. वाटतं, आपण अजून लहानच आहोत आणि बाहेर ताटं मांडलीत.

आठवतं ना, जेवायच्या आधी बाबांपुढे हात करायचे? मला "मुंडा", तुला "मुंडुस", मग उगाच चमच्यालाही "मुंडुम", आणि तू खिदळायचास. शब्द मिळाल्याशिवाय घास नाही! पुढे तू गॅरेजात लागलास आणि नखांतलं ग्रीस काही निघेना. रॉकेलने घासून हात सोलवटलेस, तरी हात बघून बाबा शब्द देईनात. एक दिवस ताटावरून उठलास तो उठलासच. मला तुम्हा दोघांचाही राग आला होता. अजून आहे.

बघ, लिहायचं दुसरंच आहे आणि मी आपली आंघोळच घालत बसलेय.

बाबा मला ओळखत नाहीत. "बाई, तुम्ही फार चांगल्या आहात," म्हणतात. तेही एक वेळ चालेल. पण काल नळ दुरुस्त करायला प्लंबर आला होता. काम संपवून काळेकुट्ट हात घेऊन उभा राहिला. बाबांनी ते दोन्ही हात धरले, उलटसुलट करून बराच वेळ पाहिले. म्हणाले, "मुंडुस. किती उशीर केलास रे! बस, जेवून घे."

तो बिचारा माझ्या तोंडाकडे बघायला लागला. मी म्हटलं, "बसा हो." बाबांनी आपल्या ताटातलं त्याला वाढलं. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

तुझा शब्द होता तो, धाकट्या. आणि नेला प्लंबरने. हल्ली त्यांचे शब्द एकेक करून चाललेत, आज सकाळी चमच्याचा आठवेना. तुझा अजून आहे.

रविवारी जेवायला ये. गॅरेजातून थेट ये, आणि हात धुऊ नकोस.

ताट मांडून बसलेली,
तुझी ताई