मांडणीतली चित्रं

कोल्हापूर, ३ फेब्रुवारी

चि. प्रेरणास दादाचे अ. उ. आ.

वि. वि. फोन उचलत नाहीस म्हणून पत्र. तू समोर असताना अप्पा तुझ्या फोटोला आत्याच्या नावानं बसव्वा म्हणाले, याचा राग धरून बसू नकोस. अर्धांगवायूनंतर त्यांना शब्दच सापडत नाहीत. तुझी वहिनी शिवलीला आणि मी रोज चित्रं दाखवून सराव घेतो. आपल्या भांड्यांच्या दुकानात मांडणी असते तशी एका प्रकारची चित्रं एकत्र. पहिला तांब्या बरोबर सांगतात, मग कळशीलाही तांब्या, घागरीला कळशी, शेवटी चित्रं भिरकावतात. हा सराव बंद करावा म्हणतो. बघवत नाही.

लोभ आहेच, राग तेवढा सोड.
तुझा, शशिधर

गडहिंग्लज, ७ फेब्रुवारी

ती. दादास सा. न.

वि. वि. मला राग नाही, भीती वाटते. आत्याला जाऊन वर्षं झाली. तिचं नाव आठवतं आणि लेकीचं नाही?

इथल्या वाचाउपचार करणाऱ्या बाईंना भेटले. त्या म्हणाल्या, तांब्या पाहिला की कळशी, घागर सगळ्यांचीच नावं मनात जागी होतात, आणि नुकतंच घेतलेलं नाव पुढे घुसतं. म्हणजे दुकानदारसाहेब, सोपं करायला गेलात आणि अवघड करून ठेवलंत. चित्रं मिसळा. तांब्यानंतर बैल, बैलानंतर कुलूप.

खरं सांग, माझ्या आधी आत्याचा फोटो दाखवला होतास का? माझा मात्र इतक्यात दाखवू नकोस. पुन्हा चुकले तर मला सोसणार नाही.

वहिनीस नमस्कार. माया असू द्यावी.
तुझी, प्रेरणा

कोल्हापूर, १६ फेब्रुवारी

चि. प्रेरणास अ. उ. आ.

वि. वि. होय, आत्याचाच फोटो आधी होता. घरातल्या बायका म्हणून मीच एकत्र लावले होते.

चित्रं मिसळल्यापासून अप्पा बरीच नावं सांगतात. आज तुझं न ऐकता छत्री आणि म्हशीनंतर तुझा फोटो ठेवला. ते फोटोकडं बघत राहिले. ओठ हलायचे, थांबायचे. शिवलीलेनं माझा हात घट्ट धरला. मी फोटो उचलायला गेलो, तर त्यांनी तो दाबून धरला आणि म्हणाले, "प्रेरणा."

आम्ही दोघं रडलो. ते मात्र दाराकडं बघत विचारायला लागले, "कुठं हाय ती?"

आता याला मी काय उत्तर देऊ? लवकर ये.

वाट बघणारा, दादा