एका बाराची रायफल

नंदगड, ता. खानापूर
१८ जून २०२४

चि. प्रियदर्शनीस आजीचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. वाचायला दोन दिवस लागले, माझी शाळा दुसरीपातूरच आणि तुझं अक्षर डॉक्टरांच्या संगतीनं बिघडलेलं. पण हा विषय फोनवर काढला न्हाईस ते लई शहाणपणाचं केलंस. फोन तुझ्या आईचा, ती तो मोठ्यानं लावून भाकऱ्या थापते. निपाणीच्या व्यापाऱ्याची लेक ती, दिवाळीत फटाक्यालासुद्धा कानात बोटं घालते. रायफल म्हटल्यावर भाकरी जळालीच असती.

आपली बंदूक परवाच ठाण्यातनं घरी आली. इलेक्शन लागलं की जमा करायची, झालं की आणायची, हे दर खेपेचं आहे. यंदा साहेब नवा. तुझ्या आजोबांच्या माघारी लायसन माझ्या नावावर आहे हे त्याला पटेना. कन्नडात विचारलं की अज्जी, बंदुकीचा मालक कुठं आहे. मी म्हटलं, तुमच्यासमोर उभी आहे की. मग गोधडीत गुंडाळून बसनं आणली. बायकांना बस फुकट आहे, बंदुकीचं तिकीट कंडक्टरनं मागितलं न्हाय.

आता मुद्द्याचं. गेल्या साली तुझी गोळी लागलेलं हरण लंगडत रानात गेलं, बर्फ पडला आणि सापडलं न्हाय, हे तू कुणाला बोलली नव्हतीस. मला लिहिलंस, बरं केलंस. तीन गोळ्या घाईनं झाडल्यास म्हणतेस. अगं, ती बंदूक तुझ्या मैत्रिणीची, मार्गरेटची, उजव्या हाताच्या माणसाची, आणि पोटात पाच गोळ्या. तू डावरी. लहानपणी डाव्या हातानं जेवतेस म्हणून मी तुला उलथनं मारलंय, ते चुकलंच माझं.

यंदा सरकारी सोडतीत मूसच्या, म्हणजे तिकडच्या थोरल्या सांबराच्या, शिकारीची चिठ्ठी तुझ्या नावानं निघाली. एकच जनावर आणि आठ दिवसांची मुदत. हे नीट झालं तर झालं, न्हायतर बंदुकीला पुन्हा हात लावणार न्हाय असं लिहिलंस. म्हणून घाई नको, निवड नीट कर. एका बाराची, एकच गोळी मावणारी घेणार हे ठरवलंस ते बेस. राहिल्या दोन. नवी आहे तिची दांडी खाली ओढली की मागचा ठोकळा सरकतो आणि गोळीवर ठोका देणारा घोडा आत लपलेला. जुनी आहे ती आपल्या एकनळीसारखी मधे मोडते, घोडा बाहेर. दुकानदार नवीचं कौतुक करणारच, त्याला ती खपवायची आहे.

मी म्हणते घोडा दिसला पाहिजे. कुंपण ओलांडताना तो पडलाय का उभा आहे हे अंगठ्याला कळतं. लपलेल्या घोड्याचं काय, खटका पुढं केला होता का मागं हे आठवत बसायचं. आठवणीच्या भरवशावर बंदूक चालवू नये. आणि दस्ता कोपराच्या बेचक्यात टेकवून बघ, बोट चापावर सुखानं पोचलं पाहिजे. हे थंडीतला जाड कोट घालून बघ, न्हायतर दुकानात बरोबर आणि रानात लांब व्हायची. वजनाला भिऊ नको. हलकी बंदूक न्यायला गोड, उडवायला कडू. तुझे आजोबा मूठभर हाडांचे, पण जड नळीच खांद्यावर टाकायचे. ते जेवायला बसले की मांजरसुद्धा उपाशी राहायचं, ते जाऊ दे.

आणखी एक. चाप ओढला आणि बार झाला न्हाय, तर लगेच मोडून आत डोकावू नको. नळी समोरच धर आणि तीस मोज. वरच्या आळीतल्या मष्णूनं दहावर मोडली, आता तो तंबाखू मळायला डावा हात वापरतो. घरी आणलीस की खोबरेल तेलाचं बोट सगळ्या लोखंडावरनं फिरव, आमची साठ वर्षं त्यावरच आहे.

डुकरं भातात येतात, मी हवेत एक बार काढते, ती पळतात, आठ दिवसांनी परत येतात. गुडघा बरा आहे. माया आटू देऊ नको.

तुझी आजी,
बाळाबाई


कॅनडा
४ ऑगस्ट २०२४

ती. आजीस सा. न. वि. वि.

जुनी घेतली. भर जुलैमध्ये मी जाड कोट घालून दुकानात दस्ता कोपरात मापत होते. मार्गरेटला वाटलं मला ताप आलाय. पण तुझं माप खरं निघालं. कोट घातल्यावर बोट चापावर टोकानंच टेकत होतं, म्हणून दस्त्याच्या मागचा रबर कारागिराकडून अर्धा इंच कमी करून घेतला. नेम धरायची नळीवरची माशी आता डोळ्यासमोर आपोआप येते. डाव्या-उजव्याचं काहीच अडत नाही, मोडली की मोडली. रिकामं काडतूस आपोआप बाहेर येतं, नखानं उकरावं लागत नाही.

दर रविवारी आठ गोळ्या, ऐंशी पावलांवर. गेल्या रविवारी आठही एका ताटलीत बसल्या. मार्गरेट म्हणते माझ्या आजीला इथं दुकान काढून द्यावं. मी तिला सांगितलं की आजी गिऱ्हाइकाला उलथनं मारते.

तेल लावलं. दुकानातलंही मिळत होतं, पण तू सांगितलंस म्हणून डोक्याला लावायच्या बाटलीतलंच लावलं. स्वयंपाकघरात तुझ्या केसांचा वास दरवळला.

फक्त एक गोष्ट मनातून जात नाही. ताटली लंगडत नाही. जिवंत जनावर समोर आलं तर हात तसाच राहील का, ते मला ठाऊक नाही. आईला अजून काही बोलू नकोस. गुडघ्याला शेक घेत जा. आठवण काढत राहा म्हणजे मला इथं उचक्या लागतील.

तुझी,
प्रियदर्शनी


कॅनडा
१७ ऑक्टोबर २०२४

ती. आजीस सा. न. वि. वि.

झालं, आजी. नीट झालं. पण कसं झालं ते ऐक.

खंडेनवमीला दस्त्यावर कुंकवाचं बोट लावलं, दसरा होईपर्यंत बंदूक हलवली नाही. सोमवारी पहाटे मी आणि मार्गरेट दलदलीच्या कडेला जाऊन बसलो. पाणी काठाला गोठलेलं. उजाडलं तसा मूस झाडीतून बाहेर आला. आपल्या गव्याहून उंच, नाक लांबलचक, तोंडात पाणगवत. ऐंशी पावलं. आडवा उभा राहिला. मी घोडा उभा केला, माशी खांद्यामागं आणली, चाप ओढला.

टक. एवढंच.

त्यानं मान वर करून माझ्याकडं बघितलं. मार्गरेट कुजबुजली की उघड आणि दुसरी घाल. मी नाही म्हटलं आणि मोजायला लागले. तीस आकडे एवढे लांब असतात हे मला ठाऊक नव्हतं. एकोणीसला तो दोन पावलं चालला, चोवीसला परत थांबला. तीस झाल्यावर बंदूक न मोडता अंगठ्यानं घोडा पुन्हा मागं ओढला. या खेपेला बार झाला. वीस पावलं गेला आणि खाली बसला, परत उठला नाही.

नंतर मार्गरेटनं बंदूक तपासली. घोड्यापुढच्या सुईभोवती तुझं खोबरेल पांढरं मेण होऊन बसलं होतं, म्हणून पहिला ठोका कमी पडला. ती हसून हसून बर्फात बसली. पण मग गंभीर झाली. म्हणाली की नवी घेतली असतीस तर घोडा पुन्हा चढवायला दांडी ओढून ती उघडावीच लागली असती, तो खडखडाट ऐकून मूस कधीच गेला असता.

मांस दोघींत आणि शेजारच्या दोन घरांत वाटलं. सगळं तू म्हणालीस तसं. तरीपण एक विचारते. मला वाटलं होतं, हे एकदा नीट झालं की गेल्या सालचं हरण डोक्यातून जाईल. गेलं नाही. तीस मोजताना मला मूस कमी आणि तेच जास्त दिसत होतं. मग बंदूक ठेवून द्यावी का? आजी, हे कधी जातं का? खरं सांग. पत्राची वाट बघते.

तुझी,
प्रियदर्शनी


नंदगड
१२ नोव्हेंबर २०२४

चि. प्रियदर्शनीस आजीचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

पत्र आलं त्या दिवशी मी चहात साखरेऐवजी मीठ घातलं, एवढा आनंद. तेलाची चूक सगळी माझी. थंडीत बाटली चुलीजवळ ठेवल्याशिवाय थेंब निघत न्हाय हे मला जन्मापासून ठाऊक, आणि तुला बर्फात तेच लावायला सांगितलं. दुकानातलं आण आणि ते सगळं पुसून काढ. डोक्याला मात्र खोबरेलच लाव.

तुझ्या आईला मीच सांगितलं, एवढी गोष्ट पोटात राहीना. ती पोळपाट धरून उभी राहिली. मला वाटलं आता रडंल. ती म्हणाली की एवढ्या थंडीत पोरगी कान झाकून गेली होती का. तेवढं तिला कळव. संध्याकाळी तिनं शेजारच्या अक्काताईला मूस केवढा असतो ते हात वर करून दाखवलं, आणि मी सांगितल्यापेक्षा वीतभर उंच दाखवला.

आता तू विचारलंस त्याचं. पासष्ट साली, बंदी नव्हती तवा, तुझ्या आजोबांनी खालच्या नाल्यापाशी सांबराला गोळी घातली. ते उठून गेलं. तीन दिवस त्यांनी रान पालथं घातलं. मी भाकरी घेऊन मागनं जायची, लग्नाला दोन वर्षं झालेली, त्यांच्याशी बोलायला अजून लाजायची. रक्ताचा माग ओढ्यात संपला. सांबर मिळालं न्हाय. त्यानंतर कितीतरी शिकारी झाल्या, लोकांनी नाव घेतलं. पण बैलगाडी त्या नाल्याजवळ आली की ते बोलता बोलता गप व्हायचे. पुढं बस सुरू झाली, तरी खिडकीतनं तिकडंच बघायचे. म्हातारपणी एकदा मी विचारलं की अजून? ते म्हणाले, अजून.

तर जात न्हाय, पोरी. मी खोटं कशाला सांगू. मूस मूसच्या जागी आणि हरण हरणाच्या जागी. पण तुझ्या आजोबांनी त्या सांबरापायी बंदूक खुंटीला लावली न्हाय. त्यानंतर त्यांनी पळत्या जनावरावर कधी बार काढला न्हाय, एवढंच. तू तीस मोजलंस. मार्गरेट घाई करत होती, जनावर चालायला लागलं होतं, तरी मोजलंस. ते मी शिकवलं म्हणून न्हाय. मी मष्णूलाबी शिकवलं होतं.

बंदूक ठेवून देऊ नको. पुढच्या सालच्या सोडतीचा अर्ज भर, आणि भरलास की फोनवरच सांग, आता चोरी कशाची. माझ्यावरचा जीव असाच राहू दे.

तुझी आजी,
बाळाबाई